एमबीबीएसचे मार्क जातात कुठे?

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा निकाल लागला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न एकच असतो, "किती टक्के पडले?" दहावीपासूनची सवय आहे ती आपली. परवा ओपीडीत एक काका आले होते. बीपी दाखवायला आले होते, पण बीपी वाढलं होतं ते मुलीच्या निकालानं. मुलगी एमबीबीएसचं शेवटचं वर्ष ६४ टक्क्यांनी पास झाली आणि तिच्याच वर्गातल्या, त्यांच्याच गल्लीतल्या मुलाला ७७ पडले. "म्हणजे आता हिला चांगली ब्रँच मिळायची नाही, असंच ना?"

मी म्हटलं, "काका, ब्रँच देताना हे टक्के कुणी बघत नाही."

डॉक्टरीणबाई आपली समजूत घालताहेत असं त्यांना वाटलं. त्यांचा दोष नाही. साडेचार वर्षं परीक्षा द्यायच्या, रात्र रात्र जागायचं, आणि त्यातल्या मार्कांना पुढच्या दाराशी कुणी विचारायचं नाही, हे पटण्यासारखं नाहीच. पण आपल्याकडे व्यवस्था अशीच आहे. ती तशी का झाली, मार्कशीट तरीही कुठे कुठे उघडावी लागते, आणि या सगळ्याचा तुमच्या-आमच्या आजारपणाशी काय संबंध, ते सांगते.

आधी वाट समजून घेऊ

बारावीनंतर जी 'नीट' देतात ती नीट-यूजी. तिच्यावर एमबीबीएसला प्रवेश मिळतो. नंतर साडेचार वर्षं शिक्षण. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन, दुसऱ्यात पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, आणि शेवटाला मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग हे मोठे विषय. प्रत्येक टप्प्यावर विद्यापीठाची लेखी, प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षा असते. पास व्हायला ५० टक्के लागतात, एखाद्या विषयात ७५ पडले तर डिस्टिंक्शन. मग एक वर्षाची इंटर्नशिप, आणि ती संपली की महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी. सरकारी कॉलेजातून शिकलेल्यांनी एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे. यालाच सगळे 'बाँड' म्हणतात.

एवढं झालं की माणूस कायद्यानं डॉक्टर. पण समाजाच्या लेखी तो अजून "नुसता एमबीबीएस" असतो. हा 'नुसता' शब्द लग्नाच्या बाजारात, बँकेत आणि दुर्दैवानं पेशंटच्या तोंडीही असतो. म्हणून बहुतेकांना पीजी करायचं असतं, म्हणजे तीन वर्षांची एमडी, एमएस किंवा डीएनबी. कोणत्या विषयात करायचं, ती 'ब्रँच'. त्या तीन वर्षांची वॉर्डातली नोकरी-कम-शिक्षण म्हणजे रेसिडेन्सी. हाडांचा डॉक्टर व्हायचं की डोळ्यांचा, मुंबईत राहायचं की दुसऱ्या राज्यात जायचं, पुढची चाळीस वर्षं रात्रीचा फोन वाजणार की नाही, हे सगळं या एका वळणावर ठरतं.

काकांचा प्रश्न याच वळणाचा होता.

टक्के नाहीत, तर मग काय बघतात?

नीट-पीजीतला क्रमांक. २०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. एमबीबीएसचे एकोणीसच्या एकोणीस विषय त्यात असतात. २०२४ पासून पेपर ४०-४० प्रश्नांच्या पाच भागांत विभागलाय. प्रत्येक भागाला ४२ मिनिटं, आणि वेळ संपली की तो भाग बंद. मागे वळून बघायची सोय नाही.

आता गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाडीचं रिझर्व्हेशन आठवा. खिडकी सकाळी उघडते. रांगेत पहिला असेल त्याला हवी ती गाडी, हवा तो डबा, हवी ती सीट. पाचशेव्याला उरलेल्यातून निवडायचं. दोन हजाराव्याला वेटिंग. तिकीट देणारा कधी विचारतो का, की तुम्ही गेल्या साडेचार वर्षांत किती प्रवास केला? तो बघतो फक्त रांगेतली जागा. नीट-पीजीचा क्रमांक म्हणजे ही रांगेतली जागा. सीट वाटण्याच्या प्रक्रियेला 'काउन्सेलिंग' म्हणतात, पण त्यात समुपदेशन काही नसतं, संगणकावर पसंतीक्रम भरायचे असतात. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची समिती वाटते, उरलेल्या निम्म्या आपल्याकडे राज्याचा सीईटी सेल. एम्स, जिपमर, चंडीगडचं पीजीआय, निम्हान्स अशा संस्थांची परीक्षा वेगळी, आयएनआय-सीईटी. ती वर्षातून दोनदा होते आणि तिच्यातही क्रमांक लावताना एमबीबीएसचे टक्के मोजत नाहीत, फक्त अर्ज करायला किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०) लागतात.

रांग किती लांब आहे? नीट-पीजीला अलीकडे सव्वादोन लाखांच्या आसपास उमेदवार असतात. ढोबळ हिशेब करू. सव्वादोन लाख माणसं ८०० गुणांच्या पट्टीवर सारखी पसरली, तर प्रत्येक गुणावर सरासरी २८० जण उभे. एक बरोबर येणारं उत्तर चुकलं की चार गेले आणि वर एक कापला, म्हणजे पाच गुण. पाच गुणिले २८०, चौदाशे माणसं पुढे निघून गेली. प्रत्यक्षात माणसं सारखी पसरलेली नसतात. वरच्या टोकाला विरळ असतात, मधे दाटी असते, त्यामुळे मधल्यांचं नुकसान याहून मोठं. एका प्रश्नाला चौदाशे. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला आपला 'तो' प्रश्न आयुष्यभर आठवतो. माझा थायरॉइडचा होता.

आणि रांगेत कुठे उभे आहात यावर ब्रँच कशी बदलते, तर साधारण असं: रेडिओलॉजी, त्वचारोग आणि जनरल मेडिसिन सुरुवातीलाच संपतात. बालरोग, ऑर्थो, स्त्रीरोग, सर्जरी त्यांच्या आगेमागे. शेवटी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, फॉरेन्सिक यांच्या जागा रिकाम्या पडून राहतात. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला लागतात त्याच विषयांना कुणी जात नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

हे असं कुणी ठरवलं?

नेहमी असं नव्हतं. जुन्या पिढीतले सर्जन सांगतात, की त्यांच्या वेळी सर्जरीच्या मार्कांवर सर्जरी मिळायची. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००० सालच्या पीजी नियमांतही प्रवेशाचे जे मार्ग दिले होते, त्यात एक होता एमबीबीएसच्या तिन्ही परीक्षांतली एकत्रित कामगिरी. अट एवढीच, की प्रवेश त्या त्या विद्यापीठापुरते असावेत.

ही अटच सगळं सांगून जाते. एका विद्यापीठाच्या आत मार्कांची तुलना कशीबशी होते. दोन विद्यापीठांत ती होत नाही. बाजारात दोन दुकानांचे काटे वेगळे असतील, तर या दुकानातला किलो आणि त्या दुकानातला किलो शेजारी ठेवून काय उपयोग? १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा प्रदीप जैन खटल्याचा निकाल आला, आणि पीजीच्या काही जागा देशभरातल्या उमेदवारांसाठी खुल्या ठेवायचं ठरलं. केरळचा मुलगा आणि नागपूरची मुलगी एकाच जागेसाठी उभी राहणार म्हटल्यावर दोघांना एकाच काट्यावर चढवणं आलं. त्यातून सामायिक परीक्षा आली. नीट-पीजी पहिल्यांदा २०१३ च्या प्रवेशांसाठी झाली. त्याच वर्षी न्यायालयानं ती रद्द केली, २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला गेला, आणि तेव्हापासून देशभर हीच.

दुसरं कारण बोलायला अवघड आहे, पण महाराष्ट्राला ते चांगलं माहीत आहे. तोंडी परीक्षेत समोर बसलेला परीक्षक माणूस असतो. त्याला आडनावं कळतात, फोन येतात, कधी नुसता मूड असतो. १९८६ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एमडीच्या परीक्षेत गुणांत फेरफार झाल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचे ताशेरे आले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. परीक्षा एमबीबीएसची नव्हती, पण लोकांच्या मनात जो किंतु बसायचा तो बसला. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेला निदान आडनाव कळत नाही.

मग मार्कशीट माळ्यावर टाकायची?

घाई करू नका. काही ठिकाणी ती लागते, फक्त आपण समजतो त्या कारणासाठी नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट टक्के नसून 'अटेम्प्ट' आहे. पहिल्या झटक्यात पास झालात की नाही. पीजीच्या वाटेवर ६४ आणि ७७ मध्ये काही फरक पडत नाही. ४९ आणि ५० मध्ये अख्खं वर्ष जाऊ शकतं. कसं ते बघा. नीट-पीजीला बसायचं तर इंटर्नशिप ठरावीक तारखेच्या आत संपावी लागते. २०२५ च्या परीक्षेसाठी ही तारीख ३१ जुलै होती. शेवटच्या वर्षात एका विषयात राहिलात, की इंटर्नशिप उशिरा सुरू, उशिरा संपली, तारीख हुकली, आणि गाडी सुटली. पुढची एका वर्षानं. मागे राहिलेल्यांच्या तुकडीला कॉलेजात 'ऑड बॅच' म्हणायचे. शिकवायला पुरेसे लोक नाहीत, वेळापत्रक अर्धवट, मित्र पुढे गेलेले. पहिल्या वर्षात तर चार प्रयत्नांत पास झालंच पाहिजे असा नियम आहे, नाहीतर डॉक्टरकीच संपली. म्हणून मी मुलांना सांगते, डिस्टिंक्शन हुकली तर हुकली, विषय राहू देऊ नका.

अटेम्प्टचं दुसरं ठिकाण लष्कर. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेत शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी अर्ज करायचा, तर शेवटच्या वर्षाची परीक्षा दोनपेक्षा जास्त प्रयत्नांत पास झालेली चालत नाही. पार्ट वन आणि पार्ट टू वेगवेगळे मोजतात. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी यूपीएससीची वैद्यकीय सेवा परीक्षा असते. तिची ५०० गुणांची लेखी आणि १०० गुणांची मुलाखत वेगळी, म्हणजे पुन्हा नवी पाटी.

टक्के खरोखर मोजले जातात ते कंत्राटी भरतीत. जिल्हा परिषद, महापालिका, आरोग्य अभियान यांच्या जाहिराती नीट वाचल्या तर बऱ्याच ठिकाणी शेवटच्या वर्षाचे गुण आणि अनुभव धरून गुणवत्ता यादी लावायची असं लिहिलेलं दिसतं. गंमत अशी, की एमबीबीएस डॉक्टरांच्या जागांना अनेकदा यादी लावण्याइतके अर्जच येत नाहीत. मग थेट मुलाखत, आणि "सोमवारी हजर व्हाल का?" एवढाच प्रश्न.

खासगी हॉस्पिटलात आरएमओ, म्हणजे वॉर्ड सांभाळणारा निवासी डॉक्टर, म्हणून लागायचं तर मार्क कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मला पहिल्या नोकरीत तीन प्रश्न विचारले होते. रजिस्ट्रेशन झालंय का? आयसीयूत काम केलंय का? रात्रपाळी चालेल का? तिन्हींना हो म्हटलं. मार्कशीटची पिशवी मांडीवर तशीच राहिली.

राहिलं सुवर्णपदक. ते मिळालं तर जरूर मिरवावं. दवाखान्याच्या पाटीवर छान दिसतं.

परदेशात तरी मार्क चालतात का?

इथे गोष्ट रंगतदार होते. कारण बाहेरच्या देशांनीही मार्कांवरचा भरवसा हळूहळू सोडलाय, पण प्रत्येकानं वेगळ्या वाटेनं.

इंग्लंडमध्ये एमबीबीएस झालं की पहिली नोकरी म्हणजे दोन वर्षांचा फाउंडेशन प्रोग्रॅम. २०२३ पर्यंत त्यासाठी कॉलेजातल्या वर्गाचे दहा भाग पाडायचे. पहिल्या दहाव्या भागात असाल तर जास्त गुण, शेवटच्यात कमी. त्यात एका प्रसंगनिर्णयाच्या परीक्षेचे गुण मिळवायचे आणि त्यावर गाव ठरायचं. तक्रार तीच होती जी आपली होती: एका कॉलेजातला पहिला आणि दुसऱ्या कॉलेजातला पहिला सारखे कशावरून? २०२४ च्या तुकडीपासून त्यांनी दोन्ही काढून टाकलं. आता संगणक प्रत्येकाला चिठ्ठी काढल्यासारखा क्रमांक देतो आणि जास्तीत जास्त मुलांना पहिल्या पसंतीचं ठिकाण कसं मिळेल ते बघतो. सरळ म्हाडाची सोडत. साऱ्या वर्गात पहिली आलेली मुलगी आणि काठावर पास झालेला मुलगा, दोघांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात. हे ऐकून आपल्याकडच्या पालकांना चक्कर येईल. पण तिथे तज्ज्ञ व्हायची स्पर्धा नंतर असते, पहिली नोकरी हा शिक्षणाचाच भाग, म्हणून त्यांना ते परवडतं.

अमेरिकेची पद्धत वधू-वर सूचक मंडळासारखी आहे. उमेदवार आपल्या पसंतीच्या हॉस्पिटलांची यादी देतो, हॉस्पिटलं आपल्या पसंतीच्या उमेदवारांची, आणि संगणक गाठी जुळवतो. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी कळतं, कोण कुणाच्या पदरात पडलं. त्या आधी मुलाखती होतात, आणि मुलाखतीला बोलवायचं की नाही हे ठरवताना कॉलेजातली कामगिरी खरोखर बघतात. मेडिसिन, सर्जरी अशा एकेका वॉर्डातल्या पाळीत वरिष्ठांनी काय शेरा दिला, उत्तम की नुसता पास, हे डीनच्या पत्रात लिहिलेलं असतं. म्हणजे कॉलेजातल्या ग्रेडवर सुरुवातीच्या संधी अवलंबून असायला हव्यात असं ज्यांना वाटतं, त्यांनी अमेरिकेकडे बघावं.

तिथेही एका परीक्षेनं सगळ्यांना गिळलं होतंच. यूएसएमएलई, म्हणजे तिथली डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा, तिची पहिली पायरी, स्टेप वन. मुलं लेक्चरं सोडून तिच्याच मागे लागली, म्हणून २६ जानेवारी २०२२ पासून तिचा आकडा देणं बंद झालं, आता नुसतं पास किंवा नापास. मग काय झालं? सगळा भार दुसऱ्या पायरीच्या, स्टेप टू सीकेच्या, आकड्यावर सरकला. रांग मोडली नाही, खिडकी बदलली.

आपल्या मुलांना याचा उपयोग असा, की अमेरिकेला जायचं असेल तर एमबीबीएसची मार्कशीट, किती प्रयत्नांत पास झालात आणि कॉलेजचं पत्र, सगळं पाठवावं लागतं. त्यामुळे पहिल्या वर्षापासून ज्यांचं तिकडे लक्ष आहे त्यांनी मार्कांना हलकं समजू नये. इंग्लंडला प्लॅब पद्धतीची परीक्षा पास व्हायची असते, तिथे तुमचे नाशिकचे टक्के कुणाला कळतही नाहीत.

"म्हणजे कॉलेजात नाही शिकलं तरी चालतं?"

हा प्रश्न पालकांपेक्षा विद्यार्थीच मला विचारतात, आणि विचारतानाच उत्तर त्यांना माहीत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून मोबाइलवर कोचिंगची ॲप असतात, प्रश्नसंच असतात, रविवारी ग्रँड टेस्ट असते. इंटर्नशिप म्हणजे हात चालवायला शिकायचं वर्ष. सलाइन लावणं, टाके घालणं, बाळंतपण करणं, नातेवाइकांना वाईट बातमी सांगणं. आणि नेमक्या त्याच वर्षी परीक्षेची तारीख डोक्यावर असते. वॉर्डात राउंड चालू असताना केसपेपरखाली मोबाइल धरून प्रश्न सोडवणारे इंटर्न मी पाहिलेत. त्यांना रागवायला गेले की आठवतं, आपण वेगळं काय केलं होतं?

परीक्षा बहुपर्यायी असली की एक गोष्ट तपासता येते: चार उत्तरांतून बरोबर कोणतं ते ओळखणं. पोट दुखतंय म्हणून आलेली म्हातारी समोर बसली की चार पर्याय कुणी देत नाही. ती "इथे दुखतं" म्हणून छातीवरही हात ठेवते आणि पाठीवरही. तिथे विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला घेतलेली लांबलचक केस आठवते, ज्या केसचे मार्क पुढे कुणी बघितले नाहीत. माझा आक्षेप इथे आहे. मार्क बघायचे नाहीत हे समजलं, पण ज्याचे मार्क बघत नाहीत ते शिकायचंही नाही, असा अर्थ मुलं काढतात आणि व्यवस्था त्यांना तो काढू देते.

एक दिलासा मात्र खरा आहे. जी मुलं कॉलेजात समजून शिकतात, त्यांचा नीट-पीजीचा क्रमांकही बहुधा बरा येतो, कारण विषय तेच आहेत. टक्के थेट चालत नाहीत, पण टक्क्यांमागची मेहनत चालते.

"एका दिवसावर सगळं, हा अन्याय नाही का?"

आहे. २०२४ मध्ये ही परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली. मुलं रेल्वेनं, बसनं परगावच्या केंद्रावर पोचली होती. ऑगस्टमध्ये ती झाली ती दोन पाळ्यांत, आणि सकाळचा पेपर सोपा की दुपारचा, यावर महिनोन्महिने वाद चालले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की सगळ्यांची परीक्षा एकाच पाळीत घ्या. एकच काटा हवा म्हणून ही परीक्षा आणली, आणि त्या काट्यालाच दोन पारडी लागली.

पण याला पर्याय म्हणून पुन्हा कॉलेजच्या मार्कांकडे जायचं, तर वेगवेगळ्या दुकानांचे काटे परत आले. खासगी आणि अभिमत विद्यापीठांची संख्या तर १९८४ पेक्षा कितीतरी वाढली आहे. मला विचाराल तर मी आजही परीक्षेच्या बाजूनं मत देईन, नाइलाजानं.

क्रमांकाला थोडा धक्का देणारी एक सोय नियमांत आहे, ती फारशी कुणाला माहीत नसते. दुर्गम भागात सरकारी सेवा केलेल्या डॉक्टरांना राज्य सरकार दर वर्षाला नीट-पीजीच्या गुणांच्या दहा टक्के, जास्तीत जास्त तीस टक्के, अशी वाढ देऊ शकतं. म्हणजे मेळघाटात किंवा भामरागडला काढलेली वर्षं गुणांत रूपांतरित होण्याची शक्यता आहे. मार्कशीटला जे जमत नाही ते प्राथमिक आरोग्य केंद्राला जमतं.

"पैसा असला की क्रमांकही लागत नाही म्हणे?"

लागतो, पण किती, हा प्रश्न आहे. यासाठी पर्सेंटाइल म्हणजे काय ते एकदा बघू. टक्के सांगतात तुम्हाला पेपरात किती मिळालं. पर्सेंटाइल सांगतं तुमच्या मागे किती लोक आहेत. ५० पर्सेंटाइल म्हणजे अर्धी रांग तुमच्या मागे. खुल्या प्रवर्गासाठी पात्रता एवढी, आरक्षित प्रवर्गांसाठी ४०. पण जागा रिकाम्या राहिल्या म्हणून २०२३ मध्ये ही पात्रता सगळ्यांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. शून्य, म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र. अशा वेळी शेवटच्या फेऱ्यांत अभिमत विद्यापीठांतल्या महागड्या जागा कुणाला मिळतात, तर ज्याला फी भरता येते त्याला. काही ब्रँचची तीन वर्षांची फी कोटीच्या पुढे जाते. तेव्हा काकांच्या मुलीची खरी स्पर्धा ७७ टक्केवाल्या शेजाऱ्याशी नाहीच. ती रांगेशी आहे, आणि रांगेच्या शेवटी बापाच्या खिशाशी.

"नेक्स्ट आली की बदलेल?"

नेक्स्ट, म्हणजे राष्ट्रीय एक्झिट परीक्षा. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातच ती आहे. कल्पना अशी, की एमबीबीएसची शेवटची लेखी, डॉक्टरकीचा परवाना आणि पीजीचा प्रवेश, या तिन्हींसाठी एकच परीक्षा. इंटर्नशिपच्या आधी लेखी, नंतर प्रॅक्टिकल. २०२३ च्या नियमांत लेखीचे गुण पीजीसाठी पाच वर्षं ग्राह्य धरायचं ठरलं होतं. तसं झालं तर कॉलेजचे मार्क आणि पीजीचा क्रमांक पहिल्यांदाच एकाच कागदावर येतील, आणि इंटर्नना निदान ते एक वर्ष वॉर्डाला देता येईल. त्याच वर्षी जुलैच्या शेवटी सराव परीक्षाही ठरली होती. ती पुढे ढकलली, आणि मग नेक्स्टच पुढे ढकलली. तोवर आहे ते असं आहे.

"मग पेशंटनं डॉक्टरचं काय बघायचं?"

काकांनी जाताना हेच विचारलं. मुलगी बाजूलाच राहिली, त्यांना आता माझेच मार्क जाणून घ्यायचे होते. मी सांगितले. त्यांच्या मुलीपेक्षा तीन कमी. त्यांनी एकदा भिंतीवरच्या माझ्या सर्टिफिकेटकडे बघितलं, एकदा हातातल्या गोळ्यांच्या चिठ्ठीकडे.

बघण्यासारखं असतं ते त्या चिठ्ठीवर छापलेलं असतं: पदवी आणि नोंदणी क्रमांक. पदवी कोणत्या विषयातली आहे ते वाचा, कारण हृदयाचं दुखणं घेऊन चुकीच्या दारी गेलात तर समोरच्याचे ९० टक्केही कामाचे नाहीत. नोंदणी खरी आहे का, ते महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासता येतं. त्या नोंदवहीत नाव असतं, पदवी असते, वर्ष असतं. टक्क्यांचा रकाना नसतो.

काकांनी चिठ्ठी उलटसुलट करून नंबर शोधला, मोबाइलमध्ये फोटो काढला आणि पुढच्या महिन्याची तारीख विचारली. बीपी अजून थोडं जास्तच होतं.